गाडीतल्या गाण्यासाठी २५ हजार

गाडीतलं गाणं नीट ऐकू येत नाही म्हणून लोक ॲक्सेसरीच्या दुकानात जातात आणि दहा इंची स्क्रीन बसवून परत येतात. स्क्रीनवर यूट्यूब चालतं, मागचा कॅमेरा दिसतो, स्टार्ट करताना रंगीत लोगो झळकतो. गाणं मात्र होतं तसंच राहतं. आवाज बाहेर पडतो तो पुढच्या दारातल्या स्पीकरमधून, आणि तो स्पीकर स्क्रू केलेला असतो दाराच्या पातळ पत्र्यावर. या दोघांना कुणी हातच लावलेला नसतो.

इथे बजेट धरलंय २५ हजारांचं आणि गाडी स्विफ्ट, वॅगन आर, टियागो, ग्रँड आय-टेन यांच्या वर्गातली. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिला पैसा पुढच्या दोन दारांत जावा, उरला तर सीटखालच्या वूफरमध्ये, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरमध्ये. मागच्या दारांचे स्पीकर आणि नवीन डेक ही यादीतली शेवटची नावं, आणि बहुतेकांना तिथपर्यंत जाण्याची गरज पडत नाही.

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ गाडीत बसून काढा, तिला खर्च शून्य. डेकच्या सेटिंगमध्ये जाऊन बेस, ट्रेबल सगळं मध्यावर आणा. ‘लाउडनेस’, ‘बेस बूस्ट’, ‘सराउंड’ असलं जे काही चालू असेल ते बंद करा. बहुतेक गाड्यांत कुणीतरी कधीतरी बेस शेवटच्या काट्यापर्यंत नेऊन ठेवलेला असतो. स्पीकरचा जो छोटा कागदी कोन ७० हर्ट्झच्या खाली नीट पोचतच नाही, त्याला तिथे ढकललं की तो फरफरतो आणि गायकाचा आवाजही सोबत बिघडवतो. मग पुढच्या-मागच्या स्पीकरांतला तोल ठरवणारा फेडर थोडा पुढे घ्या आणि बॅलन्स किंचित डावीकडे, कारण आपल्याकडे चालक उजव्या दाराला खेटून बसतो आणि उजवा स्पीकर त्याला नेहमीच मोठा ऐकू येतो. फोन ब्लूटूथवर असेल तर फोनचा आवाज पूर्ण वर ठेवा आणि कमीजास्त फक्त डेकवरून करा. गाण्यांच्या ॲपमध्ये दर्जाची पातळी सर्वांत वरची निवडा. वायरनं जोडलेलं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर ब्लूटूथपेक्षा ते वापरा. व्हॉट्सॲपवरून दहा जणांच्या हातून आलेल्या फायलीवर गाडीची परीक्षा घेऊ नका.

परीक्षेसाठी दोनतीन ओळखीची गाणी ठरवून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. भीमसेन जोशींचा एखादा अभंग यासाठी फार उपयोगी पडतो. पखवाजाची डावी बाजू घुमली पाहिजे, पण तिनं दाराचा पत्रा वाजवता कामा नये. टाळ स्वच्छ ऐकू यायला हवेत, कानात घुसायला नकोत. पत्रा वाजला तर काम दारात आहे, टाळ टोचले तर ट्वीटरमध्ये, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमध्ये. दुसरं गाणं ‘सैराट’मधलं घ्या. २०१६ च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केलं होतं. व्हायोलिनचा ताफा डॅशबोर्डभर पसरलेला वाटतो की दोन गुडघ्यांपाशी गोळा होऊन बसतो, हे त्यावर लगेच कळतं.

आता वॅटचा हिशेब, कारण दुकानदार पहिला बाण तोच मारतो. डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं असतं. गाडी चालू असताना विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. त्या दाबावर डेकच्या आतली चिप ४ ओमच्या स्पीकरला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, स्वच्छ असे सुमारे २६ वॅट देऊ शकते. प्रत्यक्षात हातात येतात १५ ते २०. खात्री हवी असेल तर डेकच्या मागचा फ्यूज पाहा. तो १० अँपियरचा असेल तर १० गुणिले १४.४, म्हणजे १४४ वॅट, एवढीच वीज आत जाऊ शकते आणि तिच्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. बाहेर सतत २०० वॅट निघणार कुठून? स्वस्त अँड्रॉइड डेक आणि कंपनीचा डेक या बाबतीत जवळपास सारखेच असतात. उलट आजच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगवरची बटणं, कॅमेरा आणि गाडीची सेटिंग्ज त्याच स्क्रीनला बांधलेली असतात, तिला काढणं म्हणजे नवं दुखणं विकत घेणं. गाडीत आधीपासून डेकच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नामांकित कंपनीचा साधा डेक घ्या. त्यात वूफरसाठी वेगळं आउटपुट आणि खालचे सूर स्पीकरपासून तोडण्याची सोय, म्हणजे हायपास, असल्याची खात्री करा. स्क्रीन किती इंची, हा प्रश्न त्यानंतरचा.

हातात १५-२० वॅटच आहेत हे एकदा मान्य केलं की स्पीकर निवडणं सोपं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘३५० वॅट’ लिहिलेलं असेल, तिकडे दुर्लक्ष करा. बारीक अक्षरांत ‘सेन्सिटिव्हिटी’ शोधा, डेसिबलमध्ये. एका स्पीकरची ८९ आणि दुसऱ्याची ९२ असेल तर दुसरा तितक्याच विजेवर ३ डेसिबल जास्त वाजतो. ३ डेसिबल वाढवायला वीज दुप्पट लागते. म्हणजे तो तीन अंकांचा फरक तुमच्या १८ वॅटच्या डेकला ३६ वॅटचं काम करायला लावतो, आणि त्यासाठी ॲम्प्लिफायर घ्यावा लागत नाही. हा आकडा फुगवलेलाही असू शकतो, पण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलना करायला तो पुरतो. दुसरा आकडा ओमचा. कंपनीचा जुना स्पीकर मल्टिमीटरवर मोजा. ३.२ ते ३.६ दाखवला तर तो ४ ओमचा, आणि बहुतेक गाड्यांत तोच निघतो. त्याच्या जागी २ ओमचा स्पीकर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, डेकची चिप तापते.

साडेसहा इंची स्पीकर दोन प्रकारांत मिळतो. कोॲक्सिअलमध्ये ट्वीटर मधोमध बसवलेला असतो. कंपोनंटमध्ये तो वेगळा येतो आणि सोबत दोघांत सूर वाटून देणारी क्रॉसओव्हरची छोटी डबी असते. पुढच्या दारांसाठी मी कंपोनंटच सुचवीन. दारातला स्पीकर पोटरीच्या उंचीवर असतो आणि बारीक, उंच सूर सरळ रेषेत जातात, ते सीटच्या कुशीत आणि पँटच्या कापडात जिरून जातात. ट्वीटर वर आला की गायक डॅशबोर्डवर येऊन बसतो. पाच-सहा हजारांतल्या जोडीनंही हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. जाहिरातीत गाडीला आठ स्पीकर सांगितले असतील तर त्यात बहुधा चार ट्वीटर मोजलेले असतात, टियागोच्या वरच्या मॉडेलातले हरमनचे आठ असेच होते. अशा गाडीत ट्वीटरची जागा आणि वायर तयार मिळते. नसेल तर आरशामागच्या त्रिकोणी प्लास्टिकमध्ये ट्वीटर बसवा. काचेच्या कडेच्या खांबाला भोक पाडू देऊ नका. पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत ती तिथूनच वरून उघडते. पिवळ्या रंगाचा कोणताही कपलर दिसला की तो एअरबॅगचा समजा आणि त्याला हात लावू नका. डॅशबोर्डच्या आत काही करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा.

विकत घेण्यापूर्वी स्पीकरची खोली मोजा. काच पूर्ण खाली केल्यावर ती स्पीकरच्या चुंबकाला लागते की नाही हे पाहायचं असतं, आणि फिटर बऱ्याचदा हे काच वर असतानाच पाहून मोकळा होतो. अंतर कमी पडलं तर मध्ये रिंग घालतात. ती प्लास्टिकची घ्या. साध्या एमडीएफची रिंग दुकानात स्वस्त मिळते, पण दाराच्या आत पावसाचं पाणी रोज येतं. एका कोकणी पावसाळ्यात ती फुगून भुसा होते.

दाराविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण याच कामाला ‘त्यानं काय होणार’ म्हणून सगळे टाळतात. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ही मागची लाट दारातल्या भोकांमधून पुढे आली की पुढच्या लाटेला खोडून काढते. सर्वांत जास्त खोडले जातात ते खालचे सूर. कंपनीच्या दारात आतल्या पत्र्याला हाताएवढी भोकं असतात आणि त्यावर फक्त प्लास्टिकचा कागद. म्हणजे बेस स्पीकर तयार करतो आणि दार तो गिळतं. नवा स्पीकर आणून त्याच दारात बसवला तर तो जास्त बेस तयार करील आणि दार जास्त गिळील.

उपाय असा: बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिल रबरची, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली डॅम्पिंग शीट चिकटवायची. जाडी दोन मिलिमीटर पुरे. अख्खा पत्रा मढवण्याची गरज नसते. स्पीकरच्या मागचा भाग आणि पत्र्याचे मोठे सपाट तुकडे धरून पाव ते अर्धा भाग झाकला तरी बहुतेक काम होतं. बोटानं टिचकी मारून पाहा. ‘टण्ण’ वाजत होतं तिथे ‘ठप्प’ वाजलं की पुढे सरका. आतल्या पत्र्याची मोठी भोकं मात्र बंद करा आणि स्पीकर व पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी फिरवा. चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, मग रोलरनं जोर देऊन दाबायचं. नुसत्या हातानं दाबलेली शीट विदर्भाच्या मे महिन्यात खाली उतरते. दुकानात डांबराची शीट निम्म्या किमतीत दाखवतील, छताच्या वॉटरप्रूफिंगसाठी वापरतात तीच जवळपास. उन्हात ती वास मारते आणि वितळून काचेच्या यंत्रणेवर ओघळते. घेऊ नका.

दोन गोष्टींवर मात्र उभं राहून लक्ष ठेवा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, त्यांवर शीट आली तर दारात पाणी साठून पत्रा गंजतो. दुसरं म्हणजे तो प्लास्टिकचा कागद. काळ्या चिकट गोंदानं तो लावलेला असतो आणि घाईतला फिटर तो फाडून गुंडाळून टाकून देतो. काचेवरून आत आलेलं पाणी त्या कागदामुळेच परत दारातून खाली जातं. तो नसेल तर जुलैत पायाखालचा गालिचा ओला होईल आणि गाडीत कुबट वास येईल. मग सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या रबरापासून सनरूफपर्यंत सगळं तपासून होईल, पण दार कुणी उघडणार नाही.

एवढ्यावर थांबलात तरी गाडी ओळखू येणार नाही. हातात दहाच हजार असतील तर इथेच थांबा, तीन हजारांच्या आसपासचे कोॲक्सिअल घ्या आणि दाराचं काम सोडू नका. वापरलेले स्पीकर घेऊ नका, कोनाच्या कडेचा रबर किंवा फोम वयानं विरतो. चांगल्या कंपनीचा जुना चार चॅनलचा ॲम्प्लिफायर मात्र बिलासह मिळत असेल तर बघायला हरकत नाही. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ इथे हिंडून भाव काढता येतो. भाव काढण्याआधी नेटवरची किंमत फोनवर उघडून ठेवा.

मग वूफर. शहरात गाडी उभी असताना बेस पुरेसा वाटतो आणि एक्स्प्रेसवेवर नाहीसा होतो. याचं कारण स्पीकर नव्हे. काँक्रीटच्या रस्त्यावर टायरची घरघर नेमकी खालच्या सुरांवर बसते आणि त्यांना झाकते. लोक मग आवाज वाढवतात आणि टाळ टोचायला लागतात. सीटखाली बसणारा आठ इंची चपटा वूफर, आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला, या दुखण्यावरचं ठीक औषध आहे. आठ ते दहा हजारांत बरा मिळतो. डिकीतली बेसट्यूब त्याच पैशात जास्त दणदणते, पण हॅचबॅकच्या डिकीत गावाहून येणारं तांदळाचं पोतं मावायला हवं असेल तर ती अडचणच. शिवाय ट्यूबचा दणका बहुधा एकाच सुरावर घुमतो. डीजेला तो आवडेल, पखवाजाला नाही. घेताना सीटखालची उंची सीट पूर्ण खाली घेऊन मोजा. मागच्या प्रवाशाच्या पायाकडे जाणारा एसीचा नळ सीटखालून जात असेल तर तोही पाहा.

कंपनीचा डेक ठेवून वूफर जोडायचा तर ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला घ्या, त्याला स्पीकरच्याच वायरमधून सिग्नल देता येतो. काही गाड्यांचे डेक आवाज वाढला की खालचे सूर आपोआप कमी करतात, त्यामुळे मोठ्या आवाजात वूफर मागे पडल्यासारखा वाटेल. तो वूफरचा दोष नसतो.

वूफरला वीज मात्र थेट बॅटरीवरून लागते आणि इथे काटकसर करायची नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. तो वूफरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर पुढे कुठे घासून पत्र्याला टेकली तर फ्यूज उडेल, तो नसेल तर वायर पेटेल. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच आली पाहिजे. ८ गेजची वायर या कामाला पुरते, पण ती तांब्याची हवी. जाड, चकचकीत, स्वस्त वायरचं टोक ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर, वूफरपासून अर्ध्या मीटरच्या आत. विजेची वायर एका बाजूनं आणि सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूनं न्या, नाहीतर ॲक्सिलरेटरबरोबर चढउतार होणारी ‘कूंऽऽ’ अशी शीळ स्पीकरमधून येईल. गाडी इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वायरींच्या जवळपासही कुणाला जाऊ देऊ नका आणि वूफरचा बेत सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय करू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर एक नियम पुरे: मूळ वायर कापायची नाही. तुमच्या मॉडेलचा स्पीकर कपलर दोनअडीचशे रुपयांत मिळतो. वायर कापून, पिळून, काळी टेप गुंडाळून सांधा करणारा फिटर ‘काय होत नाही साहेब’ म्हणेल. ती टेप उन्हानं चिकचिकीत होऊन सुटते आणि वायरिंगचा कोणताही दावा नाकारायला कंपनीला तो एक सांधा पुरतो. फिटर पारखायचा असेल तर तो डोअर पॅड कशानं उघडतो ते पाहा. प्लास्टिकची पट्टी काढली तर बसा, स्क्रूड्रायव्हर खुपसला तर चहा पिऊन निघा. पॅडच्या क्लिपा दहावीस रुपयांच्या असतात. आठदहा आधीच आणून ठेवा. तुटलेल्या क्लिपेवर बसवलेला पॅड पुढे वर्षभर खडखडतो.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी एक चाचणी. फेडर पूर्ण पुढे घ्या, वूफर बंद करा, बेस असलेलं गाणं लावा. बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर. मध्यावर आणल्यावर बेस वाढायला हवा. कमी झाला तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेत. एक आत जातो तेव्हा दुसरा बाहेर येतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. ही चूक फार सर्रास होते आणि दुरुस्तीला दहा मिनिटं लागतात.

आता हिशेब. कंपोनंटची जोडी साडेपाच हजार, दोन दारांचं डॅम्पिंग तीन, वूफर नऊ, वायर-फ्यूजचा संच पावणेदोन ते दोन, रिंगा-क्लिपा-कपलर हजारभर, मजुरी अडीच. २२-२३ हजार होतात. शहर आणि घासाघीस यांवर इकडेतिकडे होईल. उरलेले दोन हजार मागच्या स्पीकरवर घालवू नका. मागे कुणी बसत असेल आणि तिथली स्पीकरची जागा रिकामी असेल तर पुढून काढलेले कंपनीचे स्पीकर, भोकाचं माप जुळलं तर, मागच्या दारांत बसवून टाका. फुकटात काम होतं. फेडर पुढेच राहू द्या, मागून फक्त हलकासा भरणा हवा.

वूफर लावताना गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम समजू नका. वरचे सूर तोडणारा लोपास ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, बेस बूस्ट शून्यावर. डेकचा आवाज तीन चतुर्थांशापर्यंत न्या आणि वूफरचा गेन हळूहळू वाढवत आवाज फाटायला लागेल तिथून थोडा मागे या. मग फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहा आणि जिथे पखवाज भरीव लागतो तिथे सोडा. नंतर गेन आणखी थोडा खाली आणा. बेस सीटखालून येतोय असं जाणवत असेल तर तो अजूनही जास्त आहे. पुढून, गायकाच्या पाठीमागून आल्यासारखा वाटला की सोडून द्या. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास वाजवू नका. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते आणि सकाळी स्टार्टरला तिचीच गरज असते.

बिलं, जुने कपलर आणि स्पीकरचे मूळ स्क्रू एका पिशवीत घालून घरी ठेवा. गाडी विकताना नव्या सिस्टीमचे पैसे घेणारा सहसा देत नाही. तेव्हा कंपनीचे स्पीकर परत पुढे बसवायचे आणि कंपोनंट, वूफर पुढच्या गाडीत न्यायचे. डॅम्पिंग तेवढं जुन्या दारातच राहतं.